हे उठतील आणि सांगतील

माझ्या आत्याइतका पुनरुत्थानावर विश्वास असलेलं माणूस आमच्या मंडळीत दुसरं नव्हतं. पण त्यामागचं कारण ऐकून पाळकसुद्धा बिचकले होते. आतोबांना माती दिली त्याच आठवड्यात ते सांत्वनाला घरी आले. तरुण माणूस, मंडळीत नवीनच. हातातला कप सांभाळत म्हणाले, "मावशी, धीर सोडू नका. ख्रिस्त उठला, तसे तेही उठतील."

"उठायलाच हवेत," आत्या म्हणाली. "उठतील आणि त्या मॅनेजरच्या तोंडावर सांगतील, तू खोटं बोललास म्हणून. मी तेवढ्यासाठीच थांबलेय."

पाळकांनी कप खाली ठेवला. माझे वडील, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, मध्ये पडून म्हणाले, "ताई, तू दुःखात आहेस, म्हणून असं बोलतेस."

"दुःख करीन सावकाश," ती म्हणाली. "आधी मला राग पुरा करू दे."

आत्या एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, लग्नाच्या हॉलचे पडदे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. दिवसभर वाफेच्या जड इस्त्रीशी झुंजून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. लहानपणी आम्ही भावंडं त्यांना लोंबकळायचो. नातेवाईक तिला पाठीमागे 'गरम इस्त्री' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही.

आतोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोघांना मूल नव्हतं. आतोबा पक्के शंकेखोर. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, मग आत्याला ओढायला लावायचे, जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन गॅस बंद आहे ना ते पाहून यायचे. "ह्यांच्याबरोबर एकाही सिनेमाची सुरुवात मी पाहिलेली नाही," आत्या सांगायची, "आणि एकाही लग्नात अक्षता." आतोबा हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचे.

अशा माणसावर निष्काळजीपणाचं खापर फुटलं.

एका सातमजली इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. लिफ्टची वीज चालू-बंद करायचा मेन स्विच तळमजल्यावर, मॅनेजरच्या केबिनमध्ये भिंतीवर होता. आतोबांनी तो बंद केला आणि लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली करते तिच्यात शिरून काम सुरू केलं. ते आत असतानाच कुणीतरी स्विच चालू केला. लिफ्ट हलली. आतोबा जागच्या जागी गेले.

मॅनेजरने चौकशीत सांगितलं की आपण स्विचला हात लावला नाही. लिफ्टवाल्याने तो बंदच केला नव्हता, तसाच आत शिरला. दुसरा साक्षीदार नव्हता. आतोबांच्या कंपनीलाही ते सोयीचं होतं. निकाल आला, 'कामगाराचा हलगर्जीपणा.' ते दोन शब्द आत्याला सळईसारखे लागले. नवरा गेला हे ती एक वेळ सोसू शकली असती. तो स्वतःच्या चुकीने गेला हे तिला सोसेना.

आणि ते खोटं आहे हे तिला कळलंही. त्या इमारतीत झाडलोट करणारी एक बाई अंत्यविधीला आली होती. तिने आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मी जिना पुसत होते, ताई. तुमचे मालक मॅनेजरसाहेबांना म्हणाले, 'मी आत चाललोय, मी येऊन सांगेपर्यंत मेनला हात लावू नका.' मी माझ्या कानांनी ऐकलं."

"मग चौकशीत सांगितलं का नाहीस?"

"माझी खोली त्यांनी दिलेली आहे, ताई. मी कुठे जाऊ?"

आत्याने तिचे पाय धरले, तिला चार शब्द सुनावलेही. बाई बधली नाही. वर्ष सरायच्या आत ती काम सोडून मुलीकडे दूर गावी निघून गेली. आता तिथे खरं सांगू शकेल असा माणूस एकच उरला होता, आणि तो मॅनेजर होता.

बाईची जागा रिकामी झाल्याचं कळताच आत्याने लॉन्ड्रीचं काम सोडलं आणि तिथे झाडूवाली म्हणून लागली.

आमच्या घरात भूकंप झाला. वडील म्हणाले, "अगं, जिथे माणूस गेला तिथेच फरशी पुसणार?"

"हो. रोज. त्याच्या डोळ्यांसमोर."

माणसं कामावर ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांची समिती ठरवत असे. समितीतल्या आजींनी आत्याचे दंड पाहिले आणि लगेच होकार दिला. ही कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मॅनेजरला माहीत होतं, पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तो मूग गिळून बसला.

पहिल्याच सकाळी आत्या बादली घेऊन त्याच्या केबिनच्या दारात उभी राहिली आणि अगदी अदबीने म्हणाली, "साहेब, लिफ्टसमोर पुसायचंय. मेन चालू आहे का बंद?"

त्याने मान वर केली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "चालू आहे," तो कसाबसा म्हणाला.

"बरं, साहेब."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. आवाज चढवणं नाही, शिवी नाही, टोमणा नाही. रोज सकाळी बादली, अदब आणि एक प्रश्न. येणारे-जाणारे म्हणत, किती काळजीने काम करणारी बाई आहे. मॅनेजरने काही दिवस उत्तर दिलं, मग नुसती मान हलवायला लागला, मग तेही सोडलं. आत्या उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. फडक्यातून पाणी ठिबकत राहायचं.

त्या काळात ती आमच्याकडे यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तेज असायचं. मला तिची भीती वाटायची. "आज त्याने लिफ्ट सोडून जिना धरला," ती सांगायची. "सातव्या मजल्यापर्यंत धापा टाकत गेला." किंवा, "आज त्याने खुर्ची फिरवून घेतली, मी दिसू नये म्हणून. मी खिडकी पुसायला गेले, पलीकडून." हे सांगताना ती चवीने जेवायची. इतर दिवशी तिला अन्न जात नसे.

मॅनेजरने तिला घालवायचा प्रयत्न करून पाहिला. दिवा फोडला, जिना नीट पुसत नाही, रहिवाशांशी उद्धट बोलते, असं काय काय समितीला सांगितलं. आजी म्हणाल्या, "अहो, आमचा जिना इतका लख्ख कधी नव्हता." विषय संपला.

एकदा त्याने केबिनचं दार लोटून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"

"खरं."

"मी चौकशीत सांगितलंय ते."

"ते नाही, साहेब. खरं."

त्याचा तोल सुटला. "माझ्याविरुद्ध बोलणार कोण? मेलेला माणूस येणार आहे का सांगायला?"

"येणार आहे," आत्या म्हणाली. "आमचा प्रभू मेलेला उठला. हेही उठतील. आणि उठल्यावर सगळ्यात आधी तुमच्याकडे येतील."

मॅनेजर नावापुरता ख्रिस्ती, देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तो हसला असता. पण आत्याने ते, उद्या प्लंबर येणार आहे, अशा आवाजात सांगितलं होतं. तो दिवसभर केबिनबाहेर आला नाही. रविवारी उपासनेत पुनरुत्थानाचं गाणं सुरू झालं तेव्हा आत्या अशी गायली की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. ते गाणं ती देवासाठी गात नव्हती. ती समन्स वाचून दाखवत होती.

असं करता करता दुसरं वर्ष उजाडलं. मॅनेजर वाळत चालला होता. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसायचे. एका सकाळी आत्या दारात उभी राहिली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला. त्या दिवशी त्याने थेट तिच्याकडे पाहिलं. टेबलाला धरून उठला. "बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी..."

आत्याच्या हातातली बादली तशीच राहिली.

पुढचा शब्द वाकडा आला. त्याच्या पुढचा शब्दच नव्हता, नुसता आवाज होता. तोंडाची एक बाजू खाली ओघळली आणि तो भिंतीला घासत जमिनीवर बसला.

सातव्या मजल्यावर डॉक्टर राहत होते हे आत्याला माहीत होतं. ती गेली नाही. गुडघ्यांवर बसली, त्याची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि म्हणाली, "सांगा. आधी सांगा, मग डॉक्टर आणते."

तो घशातून आवाज काढत राहिला. ती त्याला हलवत राहिली. "सांगा. त्या दिवशी मी काय? पुढे काय?" किती वेळ गेला ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्याचा डोळा तिच्यावर खिळला होता आणि त्यात पाणी आलं होतं. तेव्हा कुठे तिने कॉलर सोडली आणि जिन्याने धावत सुटली.

तो वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

सगळ्या इमारतीत आत्याचं कौतुक झालं. वेळेवर डॉक्टर आणला म्हणून आजींनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. आत्या आमच्याकडे आली ती चवताळूनच. "लुबाडलं मला," ती वडिलांना म्हणाली. "ओठांवर आलं होतं रे त्याच्या. बोलणारं एकच तोंड उरलं होतं, देवाने तेही बंद केलं. कुणाच्या बाजूचा आहे तो?"

तसाच मोर्चा पाळकांकडे गेला. मी बरोबर होते, कारण वडिलांनी मला लक्ष ठेवायला पाठवलं होतं. पाळक देवळातल्या बाकांची डागडुजी करत होते. आत्याने बसायचीही वाट पाहिली नाही.

"शेवटच्या दिवशी सगळे उठणार ना? तो मॅनेजरही?"

"सगळेच उठणार, मावशी."

"जिभेसकट?"

पाळकांनी हातोडी खाली ठेवली. "देह पूर्ण होईल असा आपला विश्वास आहे."

"मग त्याने चांगलं ठणठणीत उठायला हवं," आत्या म्हणाली. "बोलता येईल असं. नाहीतर ह्यांचं म्हणणं खरं करणार कोण? मला त्याच्यासाठी प्रार्थना करावी लागणार." हे म्हणताना तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. मला हसू आलं. पाळक मात्र हसले नाहीत.

"करा," ते म्हणाले. "कारण कसंही असू दे. करा."

मग ते म्हणाले, "मावशी, मला एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. प्रभू उठला तेव्हा त्याच्या हाताशी किती माणसं होती. ज्याने शिक्षा सुनावली तो अधिकारी त्याच शहरात होता. ज्यांनी खोट्या साक्षी दिल्या ते होते. एकाच्या दारात जाऊन उभा राहिला असता तरी तो माणूस भीतीने मेला असता. तो एकाकडेही गेला नाही. आपल्या माणसांकडे गेला. पळून गेलेल्या, दारं लावून बसलेल्या माणसांकडे. आणि त्यांच्याबरोबर जेवला."

"पण खिळ्यांच्या जखमा दाखवल्या ना?" आत्याने लगेच विचारलं. "झाकल्या नाहीत ना?"

"दाखवल्या. झाकल्या नाहीत."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली आणि चालू लागली. जखमा तिच्या बाजूने होत्या. बाकीचं मात्र तिला पटलं नव्हतं. घराजवळ आल्यावर एकदम म्हणाली, "पण तो त्यांच्याकडे का नाही गेला? निदान एकदा जाऊन यायचं."

ती खरंच प्रार्थना करू लागली. दात-ओठ खात करायची. 'ह्याला बोलता होऊन उठव' एवढंच मागणं. पण रोज कुणाचं तरी नाव देवापुढे घ्यायचं म्हणजे त्या माणसाचा चेहराही रोज डोळ्यांपुढे आणावा लागतो. आणि दरवेळी तिला दिसायचा तो खाली बसलेला, कॉलर तिच्या मुठीत असलेला मॅनेजर.

मॅनेजर त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. त्याची बायको बारीक, नाजूक चणीची, शिवणकाम करणारी. नवऱ्याला कुशीवर वळवणंही तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. एक दिवस तिने आत्याला गाठलं. "ताई, तुमच्या हातात ताकद आहे. अंघोळीपुरतं उचलून द्याल का त्यांना?"

आत्या गेली. दयेने गेली नाही, हे तिने मला स्पष्ट सांगितलं. "पडलेला कसा दिसतो ते बघायचं होतं."

तिने त्याला उचलून खुर्चीत बसवलं. तो तिच्याकडे बघेना. बायको मात्र भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी धावलात म्हणून हे आहेत. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

आत्याला हे दिवसामागून दिवस सगळीकडे ऐकावं लागत होतं. त्या दिवशी मात्र ऐकवेना. ज्या माणसाने खोट्याला खरं म्हणून चालवलं त्याच्या घरात उभी राहून आपणही तेच करतोय, हे तिच्या नाकाला मिरचीसारखं झोंबलं.

"मी धावले नाही," ती म्हणाली. "हे पडले तेव्हा मी समोरच होते. मी ह्यांची कॉलर धरून बसले. ह्यांच्या तोंडून काहीतरी काढायचं होतं मला. उशीर केला मी. मुद्दाम केला."

बायकोने विचारलं, "काय काढायचं होतं?"

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. मॅनेजरने डावा हात उचलला होता. हवेतच, भिंतीवर काही असावं तसा, त्याने खालून वर खटका ढकलला. मग तोच हात स्वतःच्या छातीवर आपटला. पुन्हा खटका, पुन्हा छाती. घशातून तोच आवाज. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. ती खाली बसली. आत्या कोण ते तिला आता कळलं. म्हणाली, "त्या दिवशी वरून फोनवर फोन येत होते, लिफ्ट का नाही म्हणून. हे मला म्हणाले होते, 'मला वाटलं तो बाहेर आला असेल.' झोपेत म्हणाले होते. मी पुन्हा विचारलं नाही, ताई. मला ऐकायचं नव्हतं."

झालं ते इतकंच. आत्या घरी आली. शिव्या देणं नाही, जेवणं नाही, काही नाही.

पुढच्या महिन्यात रहिवाशांची बैठक होती. मॅनेजरची बायको तिथे उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की लिफ्टवाल्यांनी मेन बंद केला होता आणि चालू तिच्या नवऱ्याने केला. तिला कुणी भाग पाडलं नव्हतं. बैठकीत कुजबुज झाली, आजी रडल्या. कंपनीच्या दफ्तरात काहीही बदललं नाही, त्यांच्या लेखी प्रकरण केव्हाच मिटलं होतं. पण सात मजल्यांवरच्या प्रत्येक घराला आता माहीत होतं. आत्याला हेच हवं होतं. आम्ही सगळे तिच्याकडे गेलो, आता तरी हिचा जीव भांड्यात पडला असेल म्हणून.

ती आतोबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून रडत होती. त्यांना माती दिली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"मिळालं ना सगळं?" वडील म्हणाले. "मग आता का?"

"मिळालं," ती म्हणाली. "आणि हे अजून नाहीतच."

वडील तिच्याशेजारी बसले. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "इतके दिवस मी ह्यांना उठवत होते रे. रोज. पण कशाला? साक्ष द्यायला. कबरेतून उठवायचं आणि तसंच त्या माणसापुढे नेऊन उभं करायचं. घरी ये असं एकदाही म्हणाले नाही. ह्यांना यायचं असेल की घरी."

त्यानंतर तिची प्रार्थना बदलली असावी. मला तिने सांगितलं नाही. पण पुनरुत्थानाचं गाणं ती आता हळू म्हणू लागली, आणि कधी कधी मध्येच थांबून नुसतं ऐकायची. तिने मॅनेजरला माफ केलं का, असं मंडळीतल्या एकीने खोचकपणे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते तुम्ही करा. मी त्याला अंघोळ घालते." आणि खरंच, तो जाईपर्यंत ती त्याला उचलून न्यायची. हात काही हळुवार नव्हता. एकदा साबण डोळ्यात गेला तर म्हणाली, "जाऊ दे थोडा," आणि मग पाणी ओतलं. त्याच्या अंत्यविधीला ती मागे उभी राहिली. माती लोटताना पुटपुटली ते मी ऐकलं. "उठ पुन्हा. बोलायचं राहिलंय तुझं." आवाजात धमकी होती की दुसरं काही, ते मला आजही कळलेलं नाही.

मग तिने झाडूचं काम सोडलं आणि परत लॉन्ड्रीत गेली. वय झालं होतं, तरी त्यांनी घेतलं. एकदा मी तिला तिथे डबा द्यायला गेले होते. वाफेत ती घामाघूम, समोर चादरींचा ढीग. मी सहज विचारलं, "आत्या, आतोबा उठून आले की तू आधी काय विचारशील?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"आधी बसू देईन त्यांना." तिने चादर उलटली. "पाणी देईन. मग ते सांगतील त्यांचं त्यांचं, किंवा नाही सांगणार."

"आणि मॅनेजर आला तर?"

इस्त्री थांबली. जुना राग तिच्या जबड्यापाशी येऊन गेलेला मला दिसला.

"येईल," ती म्हणाली. "त्याला तरी दुसरं कुठे जायचंय. उभा राहू दे दारात थोडा वेळ. मग हे म्हणतीलच, अगं, त्याला आत घे."

आणि तिने पुढची चादर ओढली.